फोटोची डावी बाजू

कर्जत,
सोमवार, २१ एप्रिल

प्रिय विनिता,

फोन करायचा सोडून पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलायला लागलीस की मी ऐकतच राहते आणि ठेवल्यावर लक्षात येतं, माझं सांगायचं राहूनच गेलं. शाळेत असल्यापासून हे असंच. मागच्या महिन्यातही तेच झालं. म्हणून आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून काउंटरवरच लिहायला बसले आहे.

दिवाळी उरकली आणि पंधरा वर्षांनी तू दुकानात आलीस. बाबांच्या खुर्चीत मला बघून हसलीस. पुण्याचा कंटाळा आलाय, आता महिन्यातून चार दिवस इकडे येत जाईन, आपण दोघी पाण्यावरच्या पक्ष्यांचे फोटो काढू, म्हणालीस. किती बरं वाटलं होतं मला! लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात माझी सगळी वर्षं गेली. तुला काय बघायला आवडेल गं, असं मला कुणी विचारलंच नव्हतं.

कॅमेरा घ्यायचा तर तोफेसारखी लांबलचक लेन्स आणि भक्कम ट्रायपॉड, असं माझ्या डोक्यात होतं. तू वेड्यात काढलंस. होडीत ट्रायपॉड लावलास तर होडीचं हलणं थेट कॅमेऱ्यात जाणार. हातात धर, तुझं अंगच ते हलणं जिरवेल, म्हणालीस. पक्षी एकदा शंभर फुटांवर असतो, एकदा नाकासमोर, आणि होडीत आपल्याला मागंपुढं सरकता येत नाही, म्हणून झूमच हवी. मग शंभर ते चारशे मिलिमीटरची जुनी झूम लेन्स आपण ठाण्याहून आणली. भिंगांचा धंदा माझा, पण ती लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचा ठिपका आहे का हे तू पाहत होतीस आणि मी शेजारी विद्यार्थिनीसारखी उभी होते. होडीच्या काठावर कॅमेरा टेकवायला तांदळाची पिशवी शिवायला तूच सांगितलंस. कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळही तूच बिनचूक लावून दिलीस.

होडी मात्र माझ्या ओळखीची. लोधिवलीच्या वरच्या धरणापलीकडे कातकरीवाडी आहे, तिथली गोदामावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्म्यासाठी माझ्याकडे आली होती. नवऱ्यामागे ती एकटीच जाळी टाकते. पहिल्या दिवशी तुझं सामान बघून ती म्हणाली, "एवढं वझं? मासं धरायला आलाव की धरण मोजायला?" आपण पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

तिचं वल्हवणं तुला आठवतं ना? पक्ष्याच्या दिशेनं ती कधीच थेट जायची नाही. लांबून वळसा घालायची, वल्हं आत घ्यायची आणि वाऱ्यावर होडी सोडून द्यायची. आपण जवळ आलोय हे बगळ्याला कळायचंच नाही. महिनाभर तिनं आपल्याला असं पारखलं आणि मग जानेवारीत एका सकाळी न विचारताच होडी पलीकडच्या खडकाकडे वळवली. वाळक्या झाडावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. त्याच्या डावीकडे, खडकावर, ती चार जणं. पाणमांजराची मादी आणि तिची तीन पिल्लं. ओल्या अंगानं एकमेकांवर लोळत होती. एका पिल्लाच्या तोंडात मासा होता आणि दुसरं त्याच्या शेपटीला लोंबकळत होतं. माझे पहिले वीस फोटो घाईत वाया गेले. तू मात्र शांतपणे, जराही न हलता काढत होतीस.

परतताना गोदामावशीनं होडी मधेच थांबवली. "आमी याला ऊद म्हनतो. आमच्या वाडीनं हे कुनाला दावलेलं नाय. तुमी पन बोलू नका." मी मान हलवली. तू तर पुढं वाकून तिचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "मावशी, माझ्या तोंडून कधीच जाणार नाही." त्या वेळी मला तुझा केवढा अभिमान वाटला होता!

मार्चमध्ये गोदामावशी दुकानात आली. चष्म्यासाठी नव्हे. तिच्या हातात ग्रामपंचायतीतून आणलेल्या झेरॉक्स होत्या. धरणावर वेगाच्या बोटींचं केंद्र होणार, धक्का बांधणार, असं वाडीत बोललं जात होतं. "वाच गं बाय, यात आमचं काय लिवलंय." मी वाचायला घेतलं. धक्क्याची जागा नकाशात पाहिली, तो बरोब्बर तो खडक. पुढे पर्यावरण पाहणीचा रिपोर्ट, त्यात प्राण्यांचा तक्ता होता. मुंगूस, ससा, माकड. पाणमांजर या शब्दापुढे 'आढळले नाही'. खाली पाहणीच्या तारखा. विनिता, त्या तारखा मला पाठ आहेत. त्या प्रत्येक दिवशी मी दुकान उशिरा उघडलं होतं. आणि तारखांच्या खाली, पाहणी करणाऱ्या तज्ज्ञ म्हणून, तुझी सही.

म्हणजे आपण हौस म्हणून जात होतो ती माझी हौस होती. तुझी ती कामगिरी होती, पहिल्या दिवसापासून. हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस.

शेवटच्या पानावर धरणाचा फोटो होता. सकाळचं धुकं, मोकळं पाणी, वाळकं झाड, पंख पसरलेला पाणकावळा. त्याच्या डावीकडे लगेच फोटो संपत होता. मी माझा कॅमेरा काढून तो दिवस शोधला. सात वाजून बारा मिनिटं. तेच झाड, तोच पाणकावळा, पंखांची तीच ठेवण, आणि डावीकडे खडकावर चार पाणमांजरं. तू तुझ्या फोटोची डावी बाजू कापून टाकली होतीस. गोदामावशी समोर उभी राहून विचारत होती, "काय लिवलंय?" मी सांगितलं, "ऊद नाही असं लिहिलंय." तिनं कागद माझ्याकडेच सरकवले. मग म्हणाली, "आनि ती तुजी मैत्रीन?" तिला सही वाचता येत नाही. मी म्हटलं, तिला विचारून सांगते.

मग मी तुला फोन केला. रिपोर्ट वरूनच तसा तयार होऊन आला, मी फक्त सही केली, म्हणालीस. धक्का कुठंतरी होणारच होता, म्हणालीस. मी डाव्या बाजूबद्दल विचारलं तेव्हा जे बोललीस ते मला अजून झोपू देत नाही. "मी मावशीला शब्द दिला होता ना, कुणाला सांगणार नाही म्हणून? तो मी पाळला." सही केलीस हे मी एक वेळ समजून घेतलं असतं. नोकरीत माणूस वाकतो, मला कळतं. पण त्या बाईनं विश्वासानं तुझ्याकडून घेतलेला शब्द तू तिच्याच विरुद्ध वापरलास आणि तो सांगताना तुझा आवाजही बदलला नाही.

काल रविवारी ग्रामसभा झाली. गोदामावशीला विचारून मी माझे फोटो मोठे करून नेले होते. आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरला. कंपनीचा माणूस सभ्यपणे बोलत होता. "ताई, फोटो छान आहे, पण इथलाच कशावरून? असे खडक कुठल्याही धरणात असतात. तज्ज्ञ मॅडमना काही दिसलं नाही. तुमच्याबरोबर होडीत कोण होतं?" तुझा कापलेला फोटो माझ्या पिशवीत होता. दोन्ही शेजारी ठेवले असते तर पाणकावळ्याच्या पंखांवरून पोरंसोरंही सांगू शकली असती. मी पिशवी उघडली नाही. म्हणाले, "मी आणि गोदामावशी. दोघीच." सभेत कुणीतरी हसलं. माझा फोटो टेबलावर उलटा ठेवला गेला. वनखात्याचे एक अधिकारी मागं बसले होते. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की होडीतल्या सगळ्यांची नावं घालून लेखी जबाब द्या, आम्ही येऊन बघू.

सभेनंतर मी गोदामावशीबरोबर चौक गावापर्यंत चालत आले. तिनं एकच विचारलं. "दोगीच हुतो का गं आपन?" तुला वाचवायला मी तिला शंभर माणसांत माझ्या खोटेपणात ओढलं, तिच्याच वाडीसमोर. तुझ्यावर मी महिनाभर धुमसत होते, आणि वेळ आली तेव्हा मीही डावी बाजू कापलीच.

पत्र लिहायचं कारण आता सांगते. आज सकाळी मी तो जबाब लिहून दिला. होडीत तिघी होतो असं लिहिलं, तुझं पूर्ण नाव लिहिलं आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी जोडले. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे, आजच्याच कुरिअरनं पाठवते. परवानगी मागत नाही. गुरुवारी सकाळी साडेसहाला वनखात्याची माणसं खडक बघायला येणार आहेत. त्यांच्या आधी तू स्वतः येऊन खरं सांगितलंस तर तुझ्या नोकरीचं काय होईल, मला माहीत नाही. पण यावंस असं मला फार वाटतं. इतकं वाटतं याचाच राग येतो. धरणाच्या काठावर मी तुझी वाट बघेन. गोदामावशी तुला होडीत घेईल की नाही, ते मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ते तुझं तू विचार.

रागावलेली, तरीही तुझीच,
भाग्यश्री