शालूनं भांडण सोडलं

४ नोव्हेंबर

गाडीत यंत्र बसलं. आठ तास चालवलं की बोंबलतं! मग ट्रक बाजूला घेऊन झोपायचं. सरकारचा नियम. जुनाच आहे म्हणे, पण आता पाळायचा. मालक अभिनंदनशेठ म्हणाले, ‘केरबा, झोपायची सवय लाव.’ वीस वर्षं रात्रभर गाडी हाकली, आता झोपायला शिकतो.

६ नोव्हेंबर

बिद्रीच्या कारखान्यातून साखर भरून अहमदाबादला निघालो. वाटेत यंत्र बोंबललं. ढाब्यावर थांबलो, अंथरूण टाकलं, बायकोला फोन लावला.

आमचं रोजचं ठरलेलं. मी स्टेअरिंगवर, फोन स्पीकरवर, आणि शालू भांडणार. माझ्या आईनं लग्नात तिच्या मामाला शेवटच्या पंगतीला बसवलं – इथून सुरुवात. मग न घेतलेला फ्रीज. मग मी पोरीच्या बारशाला आलो नाही ते. पहाटेपर्यंत! खंबाटकी, खंडाळा – सगळे घाट बोलणी खात चढलोय. एवढी भांडखोर बाई आमच्या अख्ख्या मंगळवार पेठेत नसेल.

आज म्हणाली, ‘जेवलासा? मग झोपा.’ आणि ठेवला फोन!

७ नोव्हेंबर

‘जेवलासा? झोपा.’

९ नोव्हेंबर

मुद्दाम काडी टाकली. म्हटलं, तुझ्या भावाला अक्कल न्हाय. म्हणाली, ‘न्हायच की.’ वर जांभई दिली. सख्ख्या भावाबद्दल!

१२ नोव्हेंबर

परतीच्या वाटेवर राजवीर भेटला. तोही शेठकडंच ड्रायव्हर. त्याला सगळं सांगितलं. ‘अवघड हाय दादा,’ म्हणाला. ‘भांडती तोवर बाई आपली. माझ्या आत्यानं भांडण सोडलं, दिवाळीला म्हायेरी गेली ती गेलीच.’ एवढं बोलून त्यानं माझ्या ताटातला पापड खाल्ला.

१५ नोव्हेंबर

घरी. शालू गुणगुणत भाकरी थापते. तोंडावर तेज आलंय. शेजारच्या बायडाबाई म्हणाल्या, ‘शालू हल्ली लई खुशीत असती बघा.’ कशानं? मी तर घरी नव्हतो!

शेवटी विचारलं, माझं काय चुकलं का? ‘कुठं काय? जेवा.’

भीती वाटली. खरंच वाटली. ही गेली तर गाडी रिकामी करून मी यायचं कुणाकडं?

१८ नोव्हेंबर

पुन्हा अहमदाबाद. शेठचा फोन – माल उद्या पोचलाच पाहिजे. ‘आजच्या दिवस यंत्राची वायर काढ. कोण बघतंय?’ आधी नियम पाळ म्हणणारे तेच, आता मोड म्हणणारेही तेच. वायर काढली.

१९ नोव्हेंबर

काल आठ तासांच्या पुढं गाडी दामटली. डोळे चुरचुरायला लागले. शालूला फोन लावला.

‘जेवलासा?’ म्हणाली. मग थांबली. ‘इंजिनाचा आवाज येतोय न्हवं?’

मी खिडकीची काच वर घेतली.

‘तुमच्या भैणीनं माझी मोरपंखी साडी नेली ती नेलीच! एका शब्दानं तरी इचारलासा तिला? तोंड हाय का न्हाय तुमाला?’ – सुटलीच! माझ्या डोळ्यांवरची झोप उडाली. रडत होती, तरी भांडत होती.

गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. तशी ती एकदम गप्प झाली.

‘पडा आता,’ म्हणाली. ‘मीबी पडते.’