शॉकपचं वंगण

उत्कर्षा,

सायकलचा पुढचा शॉकप मोडला नाही. सकाळी घासून धुतला, आता पयल्यासारखाच दबते. चूक माहीच. बैलबंडीच्या आसाले लावतो ते वंगण मी त्याच्या चकचकीत नळ्यांले फासलं, म्हनलं पोरीची सायकल हलकी चालन. त्यालेच वावरातला चिखल चिकटला आन् शॉकप जाम झाला. तुले वाटलं, बाबा शर्यतीले नको म्हनत होते, त्याइनंच मुद्दाम केलं. तसं नाही वं बाई. चाक आन् नळ्यांच्या मधात जुन्या ट्यूबचा पडदा बांधला हाय, चिखल वर उडनार नाही. नळ्या कोरड्या फडक्यानं पुसत जा.

मी वावरात चाललो. उद्या आदिलाबादले कुठं उभं राह्यलो म्हंजे तू दिसशीन, तेवढं मायजवळ सांगून ठेव.

बाबा