अण्णांच्या डब्याला वेगळं वाइंडिंग

मानपाडा, डोंबिवली पूर्व
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय शिवा,

सप्रेम जयभीम. तू पत्राच्या वरती 'सादर नमस्कार' लिहिलंयस, एखाद्या कंपनीच्या मॅनेजरला लिहावं तसं. मला ते जमणार नाही, सवय नाही.

आम्ही बऱ्या आहोत. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता दारात कोण आलं ते तिला चेहऱ्यावरून कळतं, मधे नुसतं पावलांवरून ओळखायची. विहारात बायकांचा वर्ग चालतो, तिथे जाते आणि या वयात पाटीवर अक्षरं गिरवते. स्वतःचं नाव लिहिता येतं आता. भिंतीवर, पिशवीवर, गॅसच्या पुस्तकावर, जिथे जागा मिळेल तिथे लिहून ठेवते. माझी नोकरी तीच, एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायची. बोटं तेवढी जास्त फुटतात.

तुमच्या ऑर्केस्ट्रातला तो की-बोर्डवाला सुधीर शनिवारी कंपनीच्या गेटवर येऊन तुझं पत्र देऊन गेला. शेजारच्या दुकानात फोन आहे आणि नंबर तुला पाठ आहे. पण फोन आला की दुकानदार आईलाच हाक मारतो, हेही तुला पाठ असणार. ठाण्याच्या त्या प्रोग्रामनंतर तुझी खबर नव्हती. त्या प्रोग्रामबद्दल मला काही लिहायचं नाही.

तुझ्या कामाचं लिहिते. बास गिटारला आवाज बदलणारी पाच पेडल झालीत आणि ती एका फळीवर ठोकून घेतलीस म्हणतोस. नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या ऐन गाण्यात मान टाकतात, बॅटरीऐवजी बाजारातला एलिमिनेटर लावला तर गाणाऱ्या बाईपेक्षा त्याची गुणगुण मोठी. म्हणून 'तुमच्याकडे एकाच एलिमिनेटरला पाच फाटे फोडलेली वायर करून मिळेल का, हलकं आणि सुटसुटीत हवं' असं विचारलंयस. तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे ते मी विचारत नाही.

करून मिळेल, पण करू नये. एका वायरवर पाच जण बसवले की एकाची घाण पाचांच्या अंगाला लागते. तुझं आवाज घुमवणारं पेडल, डिले, जास्त करंट ओढणार, त्याची किरकिर कॉम्प्रेसरच्या पेडलमध्ये शिरणार, आणि कॉम्प्रेसर ती मोठी करून सगळ्या हॉलला ऐकवणार. बासला तर हम, म्हणजे ती गुणगुण, लगेच कळतो. त्यापेक्षा एकाच लोखंडावर पाच वेगळी वाइंडिंग काढायची. प्रत्येकाला आपले डायोड, आपला कपॅसिटर, आपला रेग्युलेटर. कोणाचा कोणाला धक्का नाही. जड होईल, पण शांत होईल.

आणि दुसरं. पाचवं, आवाज फाडणारं पेडल तू नुसतं 'जुना फझ' लिहिलंयस. तो अण्णांचा ॲल्युमिनियमचा डबा आहे ना? ज्यातून ते कारखान्यात भाकरी न्यायचे आणि मग ज्याला भोकं पाडून त्यांनी तुझ्यासाठी फझ बसवला, तोच. बाकी चारांची अधिक-वजा एका बाजूची, डब्याची उलटी. अण्णांनी जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरला, त्याचं तसंच असतं. एका वायरवर बसवलास तर सप्लाय तिथेच शॉर्ट. तू एकदा हे केलेलंस. जयंतीच्या कार्यक्रमात अण्णांची सगळी गाणारी पार्टी एका एलिमिनेटरवर होती, तू डबा त्यातच जोडलास आणि स्टेजवरचं सगळं गप्प झालं. अण्णा नुसत्या ढोलकीवर, माईकशिवाय, गाणं शेवटपर्यंत गायले. दुसऱ्या दिवशी डब्याच्या झाकणावर खिळ्याने 'वेगळा' असं कोरून दिलं. बघ, अजून असेल.

प्रत्येक पेडलला किती करंट लागतो ते पाठीमागे छापलेलं असतं, ते लिहून पाठव.

एक विचारते. सुधीर बोलता बोलता बोलून गेला की खोपटला तुझा साखरपुडा झाला. मग जीभ चावली. मी आईला सांगितलेलं नाही. तुझ्या तोंडून कळू दे. लग्नाला तिला नेणार आहेस का, एवढं एक लिही. पेडलांच्या आकड्यांखाली एक ओळ मावेल.

तुझी,
ताई


मानपाडा
२७ ऑक्टोबर १९९६

शिवा,

जयभीम. आकडे मिळाले. नीट लिहिलेत, अण्णांसारखे.

खालची ओळही मिळाली. एक ओळ मागितली तर तू पान भरलंस. इतकं लिहितोस हे ठाऊक नव्हतं.

आधी काम. डिलेला जाड तार घेते, बाकी तिघांना बारीक चालेल. डब्याला तर नावालाच करंट लागतो, बिचारा काही मागत नाही. सप्लायची पेटी फळीच्या एका टोकाला ठोक आणि डबा दुसऱ्या टोकाला. शेजारी ठेवलास तर ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तो पकडतो. आमच्या युनिटमधला दगडू ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी प्लेट लावून देणार आहे, त्याला सांगितलंय की एका ऑर्केस्ट्रावाल्याचं काम आहे. बघ, मीही शिकले.

आता तुझं पान. मुलीकडचे चांगले आहेत, शिकलेले आहेत, पण त्यांचं 'तसं' आहे, असं लिहितोस. तसं म्हणजे कसं ते सरळ लिहायला तुझं पेन अडतं. आपण बौद्ध आहोत, वस्तीतले आहोत, आपला बाप जयंतीला पार्टी घेऊन गायचा, हे त्यांना कळलं तर लग्न मोडेल. बरं. पोस्टरवर नुसतं 'बास - शिव' छापून येतं तेव्हाच मी समजले होते. आडनाव टाकलंस, टाक. आडनाव काही भाकरी मागत नाही.

पण आई-वडील दोघेही वारले असं सांगितलंस? अण्णा वारले ते खरं. आईला का घेतलंस त्यांच्यासोबत?

'हळूहळू सांगेन, लग्न होऊ दे, वर्ष-दोन वर्षं जाऊ दे' म्हणतोस. मेलेल्या माणसाला हळूहळू जिवंत कसं करतात रे? कुठल्या सणाला सांगणार? मला हसू आलं आणि मग दिवसभर वाइंडिंग चुकत राहिलं. सुपरवायझर बाईंनी तीन फॉर्म्यांवरची तार उसवायला लावली.

ठाण्याच्या प्रोग्रामबद्दल लिहायचं नाही म्हटलं होतं. आता लिहिते, म्हणजे तुला वाटायला नको की मी विसरले. सुधीरने मला तुमचा एलिमिनेटर दुरुस्त करून थिएटरात आणायला सांगितला होता. आईने पहाटे उठून तुझ्यासाठी सुकट आणि भाकरीचा डबा बांधला. मी स्टेजच्या मागे आले, तू त्या मुलीशी आणि तिच्या भावाशी बोलत उभा होतास. मला बघितलंस. तुझा चेहरा मी लहानपणापासून वाचते, तू काय करणार ते मला तू करायच्या आधी कळलं.

"ह्या आमच्या सप्लायवाल्या बाई," तू म्हणालास. "डोंबिवलीवरून येतात."

जन्मात पहिल्यांदा तू मला अहो-जाहो केलंस. एलिमिनेटर घेतलास, आणि मी डबा टेबलावर ठेवून वळले तर मागून हाक मारलीस, "बाई, तुमचा डबा राहिला." तो भाऊ फार सभ्य, त्याने स्वतः आणून माझ्या हातात दिला.

मी खोपटच्या डेपोत बाकड्यावर बसून ती भाकरी खाल्ली. फेकवेना आणि घरी परत नेववेना. आईला सांगितलं, शिवा म्हणाला सुकट मस्त झालेली. ती अजून अधूनमधून विचारते, अजून काय म्हणाला? आणि मी काहीतरी बनवून सांगते. आता माझ्याजवळचं संपत आलंय.

तुला सुख नको व्हायला असं मला वाटत नाही. त्या मुलीचं तर काहीच चुकलेलं नाही. पण ज्या डब्याच्या आवाजावर तू तिथे टाळ्या घेतोस, जो आवाज दुकानातल्या कुठल्याच पेडलमध्ये सापडत नाही म्हणून तुला तोच हवा, तो कुणी बसवला असं कुणी विचारलं तर काय सांगतोस? सुधीर म्हणतो, 'इम्पोर्टेड आहे, मेक पुसला गेलाय' असं सांगतोस. बापाचा आवाज हवा आणि बाप नको. ताकाला जाऊन भांडं लपवणारे बघितले, तू तर ताक पिऊन गवळ्यालाच ओळखत नाहीस.

लग्न एक डिसेंबरला आहे म्हणतोस. अजून वेळ आहे. एकदा इकडे ये आणि आईला समोर बसून सांग. नेणार नसशील तरी सांग. ती ओरडणारी नाही. तुझा चेहरा तिला आता दिसतो, एवढ्यासाठी तरी ये.

ताई


मानपाडा
१७ नोव्हेंबर १९९६

शिवा,

तू आला नाहीस. दोन ओळी आल्या, 'सप्लाय सुधीरकडे द्यावा, आपण स्वतः येण्याची तसदी घेऊ नये.' घेत नाही तसदी.

पेटी सुधीरसोबत पाठवते आहे. पाचही वायरींना रंगीत नळ्या घातल्यात. चार काळ्या, त्यातली पांढरी गाठ मारलेली डिलेची, बाकी तीन उरलेल्या तीन पेडलांना कशाही चालतील. लाल नळीची डब्याची, तिची अधिक-वजा उलटी आहे, ती दुसऱ्या कशाला लावू नकोस. दगडूकडचा बास ॲम्प्लिफायर लावून सगळं बघून घेतलं. आवाज पूर्ण चढवला तरी हम नाही. दगडू म्हणाला, असला सप्लाय विकत मिळायचा नाही. मी म्हटलं, विकायचा नाहीच आहे.

आईला मी सांगितलेलं नाही. सांगणार होते. गेल्या आठवड्यात धीर करून तिच्यासमोर बसले, तर तिनेच विचारलं की हे रोज संध्याकाळी घरी आणून काय गुंडाळतेस. मी म्हटलं, शिवाच्या बाज्याचं आहे, गुणगुण येऊ नये म्हणून. तेवढ्यावरच तिचा चेहरा असा काही उजळला की पुढचं सांगायचं मी उद्यावर टाकलं. ती फॉर्मा हातात घेऊन बघत बसली. मग म्हणाली, यात माझं काही लागेल का?

आमच्याकडे एक पद्धत आहे, तुला ठाऊक नसेल. वाइंडिंग पुरं झालं की गुंडाळणारी एका चिठ्ठीवर आपलं नाव लिहिते, तारीख टाकते, खाली 'ओके' लिहिते आणि ती चिठ्ठी शेवटच्या पेपरखाली घालून वरून पट्टी मारते. उद्या ट्रान्सफॉर्मर जळून परत आला तर कोणाच्या हातचा ते कळावं म्हणून. मग तो वार्निशात बुडतो, भट्टीत सुकतो, आणि चिठ्ठी तारेला कायमची धरून बसते.

मी आईला म्हटलं, लागेल. तुझं नाव लागेल.

तिने हात धुतले, चष्मा पुसला. आधी दोनदा पाटीवर लिहून बघितलं. मग चिठ्ठीवर काढलं, जाईबाई देवराम साळवे. साळवे लिहिताना जागा कमी पडली, ते थोडं खाली उतरलंय, पण पुरं आहे. मग मला म्हणाली, "शिवा वाचंल ना गं ते?"

मी म्हटलं, "वाचेल कधीतरी."

तारीख मी टाकली. 'ओके' लिहितात तिथे माझ्या अक्षरात 'हयात' लिहिलं. आईला ते वाचता आलं नाही, तिचा वर्ग अजून तिथपर्यंत पोचलेला नाही.

सगळ्यात वरचं वाइंडिंग अण्णांच्या डब्याचं घेतलंय, आणि चिठ्ठी त्याच्यावर चिकटलेली आहे. बाहेरून दिसत नाही, काळजी करू नकोस. तुझ्या सासरच्यांसमोर ठेवलीस तरी नुसती लोखंडी पेटी आहे. काढून टाकायची झाली तर पट्टी खरवडावी लागेल, तिच्यासोबत केसासारखी बारीक तार येईल आणि डबा गप्प होईल. बाकीची चार पेडलं चालू राहतील. बघ, चालवून घेता येतं का.

लग्नाला आम्ही येणार नाही. मेलेली माणसं आणि सप्लायवाल्या बाया पंगतीला बसत नाहीत. आई एक तारखेलाही विहारातल्या वर्गाला जाईल, तिला पुढची अक्षरं शिकवणार आहेत. संध्याकाळी विचारेल, शिवाचा काही निरोप? मी म्हणेन, सप्लाय मस्त चाललाय म्हणाला.

पेटी उन्हात ठेवू नकोस, पाणी लागू देऊ नकोस. जपलीस तर आपल्या सगळ्यांच्या मागे राहील.

जयभीम.

जाईबाईंची मुलगी,
रमाबाई