तारेत ओवलेलं पत्र

म्हैसूर,
१८ जानेवारी २०२४

चि. सौ. चैत्राली हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इथे खुशाल. तुझ्या भवानीकाकूने तुम्हा दोघांसाठी संक्रांतीच्या एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे आमच्याकडच्या तीळगुळाची, पुडी सोबत घातली आहे. ऊस मात्र पाकिटात मावला नाही.

फोन न करता पत्र का, म्हणून आमचा पुतण्या रक्षित हसेल. बाळ, माझा उजवा कान आता ऐकत नाही आणि डावा अर्धंच ऐकतो. त्यात तुझं पुणेरी बोलणं वेगाचं. कागदावर लिहून दिलंस तर मी चारदा वाचीन आणि ओळीवर बोट ठेवून एकेक करीन. मराठी लिहायला मी शाळेत शिकलो नाही, कॅलेंडर बघून शिकलो, तेव्हा चुका पोटात घाल. आमच्या घरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी सून आली हे माझंच भाग्य समजतो.

तर गाऱ्हाणं असं. दुसऱ्या शनिवारी आम्ही सुट्टीवर असताना आमच्या उदबत्तीच्या कंपनीने ऑफिसच्या टपालविभागात नवीन मशीन बसवलं आणि ईमेलचं सॉफ्टवेअरही बदललं. त्या दिवसापासून शांती नाही. दर अर्ध्या तासाला पासवर्ड मागतं. लिहिलेलं पत्र आउटबॉक्समध्येच फुगून बसतं. आलेली पत्रं एकाखाली एक गुंडाळून ठेवतं, म्हणजे वरचं दिसतं आणि खालचं लपतं. बेंगळुरूच्या मदत-क्रमांकावर फोन केला की आधी ओंदु निमिष, एक मिनिट, म्हणतात, मग पाऊण तास गाणं ऐकवतात आणि शेवटी तक्रारीचा नंबर देतात. माझ्याकडे असे सहा नंबर जमले आहेत.

हे सगळं मी सोसलं असतं. पण विद्याश्रीची नोकरी जायची वेळ आली आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती, नंजनगूडहून रोज गाडीने येते. मन लावून काम करणारी पोर. कृष्णराजनगरचे वेंकोबा आमचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. संक्रांतीला नरसीपूरच्या जत्रेत त्यांचा उदबत्तीचा स्टॉल असतो. माल नेहमीप्रमाणे त्यांच्या कृष्णराजनगरच्या गोदामावर गेला. गोदामाला कुलूप, वेंकोबा नरसीपुरात, आणि जत्रेत स्टॉल रिकामा. काल ते ऑफिसात येऊन टेबल बडवून गेले. माल थेट नरसीपूरला पाठवा असं त्यांनी जत्रेआधीच्या गुरुवारी ईमेलने कळवलं होतं म्हणे. विद्याश्री म्हणते असं पत्र तिने पाहिलंच नाही. आमची दोघांची ईमेलची पेटी एकच, आणि तिच्यात आता ते पत्र नाही. आमचे मॅनेजर अनुराग नाशिककडचे, वाईट माणूस नाही, पण माल पाठवायचं काम विद्याश्रीकडे असल्याने त्यांनी तिच्यावरच ठपका ठेवला. ३१ तारखेपर्यंत ते पत्र आलंच नव्हतं असं सिद्ध कर, नाहीतर राजीनामा दे, असं तिला सांगून टाकलं.

अय्यो, त्या पोरीचा चेहरा बघवत नाही. हे सगळं त्या नव्या सॉफ्टवेअरने गिळलं आहे, मला शंका नाही. ते पोटातून कसं काढायचं एवढं सांग.

लोभ आहेच, तो कुठल्याही नव्या आवृत्तीने बदलू नये.

तुझा,
नरसिंगरावकाका

०

पुणे,
२० जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. पुडीतला गूळ रक्षितने संपवला, माझ्या वाट्याला तीळ आले, हे काकूंना सांगा. तुमच्या मराठीत चुका शोधायला बसले तर माझ्याच जास्त निघतील.

आता एकेक. पासवर्ड सारखा मागतंय म्हणजे जुना पासवर्ड मशीनने कुठेतरी धरून ठेवला आहे. सोबतच्या कागदावर चित्र काढून दिलं आहे, त्याप्रमाणे तो जुना पुसा, मशीन बंद करून चालू करा. आउटबॉक्समध्ये अडकलेल्या पत्रांतलं सर्वांत पहिलं उघडून बघा. बहुतेक त्याला एखादा जड फोटो जोडलेला असेल. तो दारात अडला की मागची रांग थांबते. पत्रं गुंडाळली जातात ती एका विषयाची असतात म्हणून. ती सवय बंद करायचं बटण तिसऱ्या चित्रात आहे.

वेंकोबांच्या पत्राचं मात्र मला नीट कळलं नाही. आलेलं पत्र सॉफ्टवेअर सहसा गिळत नाही हो काका, ते कुठेतरी ठेवतं. म्हणून मला एक सांगा, पत्र वाचून झालं, काम झालं, की तुम्ही दोघं त्याचं काय करता? अगदी कुठलं बटण दाबता तेही लिहा. रागावू नका, आमच्या कामात असे बावळट वाटणारे प्रश्नच विचारावे लागतात.

विद्याश्रीला धीर द्या. तुम्हीही जेवण वेळेवर घ्या. काकूंनी परवा रक्षितला कळवलं की तुम्ही रागाने दही-भातसुद्धा अर्धा टाकता.

माया अशीच राहू द्यावी, ही विनंती.

आपली,
चैत्राली

०

म्हैसूर,
२३ जानेवारी २०२४

चि. सौ. चैत्राली हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पासवर्डाचं भूत उतरलं! आउटबॉक्सही मोकळा झाला. मदत-क्रमांकाने दहा दिवसांत जे केलं नाही ते तुझ्या तीन चित्रांनी केलं. पण अडलेलं पत्र कोणाचं निघालं माहीत आहे? माझंच. कारखान्याच्या पूजेचे अठरा फोटो मी एका पत्राला जोडून सगळ्यांना पाठवत होतो. विद्याश्री इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या खात्यात पूर्वी नरसिंहमूर्ती हेडक्लार्क होते, मला काम त्यांनी शिकवलं. त्यांच्या टेबलाशी भिंतीला एक लोखंडी तार टांगलेली असे. काम झालं की कागद त्या तारेत ओवायचा. टेबलावर उरतो तो बाकी, तारेत गेला तो झाला. महिनाभराने लागला तरी तारेत सापडायचा. ईमेल आल्यावर मी तीच रीत ठेवली. काम झालं की डिलीट दाबायचं. पत्र टेबलावरून उठतं आणि डिलीटच्या खणात जाऊन बसतं. अकरा वर्षांची सगळी पत्रं माझ्या त्या तारेत होती, हवं तेव्हा काढत होतो. विद्याश्री मात्र डिलीट कधी दाबत नाही, ती झालेल्या पत्राला हिरवी खूण करते. मी तिला चिडवायचो की तुझं टेबल कधी आवरतच नाही.

आज तो खण उघडला तर आत काही नाही. अकरा वर्षं, आणि एक चिटोरं नाही. बेंगळुरूला विचारलं तर तिथली पोरगी म्हणाली की डिलीट केलेलं कोणी जपून ठेवतं का. सुम्मने, उगाचच, हसली वर. माझं डोकं फिरलं, फोन आपटला. आठ दिवस उरले आहेत आणि विद्याश्री आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही, खाली मान घालून काम करते.

मार्चअखेर मी निवृत्त होतो. पुढे वर्षभर सल्लागार म्हणून या, असं अनुराग म्हणाले आहेत. घरी बसायची मला भीती वाटते, हे तुझ्या काकूलाही माहीत नाही. पण शेजारचं टेबल रिकामं असेल तर तिथे बसून तरी काय करू?

लवकर लिही. आशीर्वाद तुझ्या पाठीशी, तुझी अक्कल माझ्या.

तुझा,
नरसिंगरावकाका

०

पुणे,
२५ जानेवारी २०२४

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची तार वाचून मी कपाळाला हात लावला, आणि मग इथल्या सगळ्या ऑफिसला ती गोष्ट सांगितली. एकाने कबूल केलं की त्याचे वडीलही हेच करतात.

काय घडलं ते सांगते. नवं सॉफ्टवेअर बंद करताना दर वेळी डिलीटचा खण रिकामा करतं, तशी खूण कोणीतरी करून ठेवली आहे. तुम्ही पहिल्या दिवशी ते बंद केलंत आणि तार रिकामी झाली. सर्व्हरवरूनही गेलं.

पण आशा आहे. तुमचं जुनं मशीन कुठे आहे? फेकलं नसेल तर त्याच्या पोटात मशीन बदलण्याआधीच्या शुक्रवार संध्याकाळपर्यंतच्या पत्रांची स्वतःची प्रत असते. एकच गोष्ट जिवापाड सांभाळा. मागची निळी केबल, नेटची, ती लावायची नाही. आधी वीज लावा, चालू करा, जुनं सॉफ्टवेअर उघडा, खण बघा, वेंकोबांचं पत्र छापून घ्या. निळी केबल खोचली, तर त्याला कळेल की सर्व्हरवर सगळं रिकामं झालंय, आणि ते मिनिटभरात आपलंही रिकामं करील. मग मलाच काय, कोणालाच ते परत आणता येणार नाही. म्हणून विद्याश्रीलाही ऑफिसच्या नंबरावर फोन करून सांगितलं आहे की काका आल्याशिवाय मशीनला हात लावू नको.

आणि काका, एक बोलू का? लहान तोंडी मोठा घास होईल. पत्र त्या खणात सापडलं, तर ते तिथे कोणी ठेवलं हेही दिसेल. विद्याश्री हिरवी खूण करते असं तुम्हीच लिहिलंत. मला राहवलं नाही म्हणून लिहिलं. चुकलं असेल तर रागवा, पण पत्र लिहायचं थांबवू नका.

आपली,
चैत्राली

०

म्हैसूर,
३० जानेवारी २०२४

चि. सौ. चैत्राली हीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल हाती आलं. शेवटचा परिच्छेद मी बोट न ठेवता वाचला.

मशीन आमच्याच गोदामात होतं, रिकाम्या खोक्यांच्या मागे, चंदनाच्या भुकटीने माखलेलं. जेवणाच्या सुट्टीत एकटाच गेलो. विद्याश्रीला मी कँटीनला पाठवलं, खरं सांगायचं तर मुद्दाम. चालू व्हायला त्याने दहा मिनिटं घेतली. मग खण उघडला आणि माझी सगळी तार समोर, एकेचाळीस हजार पत्रं. वेंकोबांचं पत्र वरून सातवं होतं. गुरुवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. माल नरसीपूरला पाठवा, गोदामाला कुलूप असेल, असं स्वच्छ कन्नडमध्ये.

त्या गुरुवारी विद्याश्री बहिणीच्या साखरपुड्याला रजेवर होती. पेटी मी एकटा बघत होतो. आता आठवतं, वेंकोबांचं नाव, विषय तोच, ऑर्डरबाबत. मंगळवारी त्यांच्या पहिल्या पत्राचं काम मी केलं होतं. मला वाटलं तेच पुन्हा आलं आहे. उघडलं, दोन ओळी दिसल्या, आणि ओवून टाकलं. सॉफ्टवेअरने काही गिळलं नव्हतं, बाळ. पंधरा दिवस मी बेंगळुरूला शिव्या देत होतो.

निळी केबल टेबलावर पडली होती. तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मी ती हातात घेतली. गोदामात भिंतीला नेटची खोबणी आहे. मिनिटभराचं काम, तूच लिहिलंस. मग पत्र नाही, तार नाही, आणि ते आमच्यापर्यंत पोचलंच नसेल असंही म्हणता आलं असतं. मार्चमध्ये हार घालून घेतला असता. अडतीस वर्षांत एकही मेमो नाही गं मला. केबल किती वेळ धरून उभा होतो माहीत नाही.

तेवढ्यात विद्याश्री आली. कँटीनमधून माझ्यासाठी वड्याची पुडी आणली होती, सुट्टी संपली तरी काका जेवले नाहीत म्हणून. तिने विचारलं की सापडलं का. मी केबल खाली ठेवली आणि म्हणालो, सापडलं, आणि ते माझ्या हातून गेलं आहे. ती खोक्यावर बसली. मग वडा पुढे केला.

दोन प्रती छापल्या आहेत. उद्या दहाला अनुरागांकडे जातो. तुझ्या काकूला आज रात्री सांगेन.

आज आशीर्वाद मी देण्यापेक्षा तूच माझ्यासाठी देवापाशी दोन शब्द बोल.

तुझा,
नरसिंगरावकाका

०

म्हैसूर,
५ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. चैत्राली हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आत लिहितो, कारण पोटात राहत नाही.

अनुरागांनी पत्र दोनदा वाचलं. मग विद्याश्रीला आत बोलावून माझ्यासमोर माफी मागितली, हे त्यांचं मोठेपण. मग माझ्या नावाचा मेमो टाइप करवून घेतला. तो नव्या सॉफ्टवेअरवरून आला, पहिल्या फटक्यात, कुठेही न अडकता. सल्लागाराचं बोलणं पुन्हा निघालं नाही, आणि निघेल असं वाटत नाही. भवानी म्हणाली की बरं झालं, दुपारी तरी माणूस घरी दिसेल. तेवढंच म्हणाली, पण त्या रात्री दही-भातात डाळिंबाचे दाणे होते.

विद्याश्रीने मला हिरवी खूण करायला शिकवलं. डिलीटच्या बटणावर तिने चिकटपट्टी लावली आहे. मी ओरडलो, तर म्हणते मार्चपर्यंत सहन करा.

दुसरी प्रत माझ्या टेबलावर काचेखाली होती. तारेत ओवली नाही, काम कुठे झालं होतं? काल रविवारी ती खिशात घालून कृष्णराजनगरची बस धरली. वेंकोबा दुकानातच होते, गादीवर. मला बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं, पत्र आलं होतं, मुलीने पाहिलं नव्हतं, मी बघून न बघितल्यासारखं केलं. आणि कागद पुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून स्वतःचंच पत्र सावकाश वाचलं. मग मागे वळले. त्यांच्या डोक्यावरच्या खुंटीला एक जुनी तार लटकत होती, मी ती तोवर पाहिली नव्हती. त्यांनी कागद तिच्यात ओवला, खालपर्यंत सरकवला, आणि समोरच्या हॉटेलात दोन कॉफी सांगितल्या.

तुम्ही दोघं उगादीला, तुमच्या पाडव्याला, या. लोभाची तार तुटू देऊ नका.

तुझा,
नरसिंगरावकाका