न उकळलेली गुंज

माय,

मुळांतला रस आणि बीजांतला दाह ज्या एकाच परमात्म्याच्या संकल्पातून उपजले, त्याची कृपा या लेखणीवर असो. आणि जे मला तोंडाने सांगता आले नाही, ते त्याने निदान कागदावर तरी उतरवून घ्यावे. तुला जाऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली. आज लिहितो आहे ते तुझ्या पणतीच्या केसांविषयी. तिचे वय नऊ. होळीनंतर तिच्या माथ्यावरचे केस जाऊन एक गोल चाई पडली, महिन्याभरात कानामागे दुसरी. मुलाची नोकरी इथल्या कारखान्यात असल्यामुळे आम्ही पुरुषोत्तमनगरला राहतो. शहादा जवळच आहे, आणि सून तिला तिथल्या डॉक्टरांकडे नेणार होती. मीच अडवले. आमच्या आईच्या तेलाने गावी रनाळ्यात कितीकांच्या चाया भरून आल्या, थोडे थांबा, असे मी म्हणालो. माझा शब्द या घरात अजून कोणी मोडत नाही.

तुझे तेल मला पाठ आहे, अशी माझी समजूत होती. तू आदल्या संध्याकाळी पाण्याच्या पाटाच्या कडेला जातेस, माक्याच्या रोपाच्या बुडाशी चार अक्षता आणि सुपारी ठेवतेस, उद्या न्यायला येते म्हणून त्याला हात जोडतेस. सकाळी तो माका, जास्वंदीची फुले, आवळे, कढीपत्ता, सारे वाटून तिळाच्या तेलात लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवतेस. आणि चाईसाठी गुंज, लालभडक, काळ्या डोळ्याची. मी ओसरीवर शब्दरूपे घोकत बसलो आहे. त्या बिया उचलायला हात पुढे करतो, तोच तू मनगटावर फटका मारतेस. ''हात नको लाऊ रे! हाई अजून औषध नही, इख शे.'' विष म्हटल्यावर मी रडवेला होऊन विचारतो, ''मंग औषध कव्हय व्हई?'' तू हसतेस. ''मी सांगसू तव्हय. पोथी वाचस ना तू? मन्हं गाठोडं वाचता येस का तुले?'' ते गाठोडे म्हणजे फडक्यात बांधलेल्या त्याच बिया. आडव्या काठीला टांगून दुधात सोडलेल्या. प्रहरभर ते दूध उकळत राही. मग बिया गरम पाण्याने धुऊन घेतल्या जात, आणि दूध कोंबड्या-शेळ्या पोचणार नाहीत अशा जागी खड्ड्यात पुरले जाई. मला तो तुझा सोवळ्याचा प्रकार वाटला. पुढे पाठशाळेत शिकलो, आणि माक्याला निमंत्रण देण्यासाठी मंत्र आहे असे कळल्यावर तो विधी मी आदराने स्वीकारला. गाठोड्याला मंत्र नव्हता. म्हणून ते मी बायकांच्या भोळेपणात जमा केले.

यंदा गुंज आणायला मी स्वतः जीपने मोलगीच्या बाजाराला गेलो. पालाखाली बसलेल्या म्हातारीने बिया मोजून हातावर ठेवल्या आणि माझी मूठ मिटू दिली नाही. ''बाबा, उकळून लाव. नुसती नको. नुसती खराब.'' मी तिला हसून वैद्यकाच्या ग्रंथातला श्लोक म्हणून दाखवला. श्लोकात गुंजेचा लेप सांगितला होता, उकळणे नव्हते. ती शेजारणीला तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या. मला वाटले, संस्कृत ऐकून हसल्या.

बिया न उकळता तशाच वाटून कढईत घातल्या. तेल उत्तम उतरले. वात बुडवून पेटवली तर तडतड नाही, स्वच्छ ज्योत. नातीने पहिल्या दिवशी मान तिरकी करून मला चिडवले, ''नाना, तुमन्हा टक्कलले पहिले लावा ना! मन्हं मंग पाहू.'' आम्ही सगळे हसलो. तिसऱ्या दिवशी ती हसली नाही. ''नाना, आग होस.'' कातडी लाल झाली होती, कडेने पाणी धरले होते. सुनेने विचारले, ''नाना, राहू देऊ का आता?'' गुण येण्याआधी रोग उसळतो, असे मी उत्तर दिले. त्या दुपारी कशाने कोण जाणे मन स्थिर होईना, म्हणून त्याच ग्रंथाची पुढची प्रकरणे चाळली. विषद्रव्यांच्या शुद्धीचे प्रकरण होते. फडके, काठी, दूध, प्रहर. तुझे गाठोडे अक्षरशः तिथे होते. अशुद्ध गुंज मारक, असेही होते.

याला चार दिवस झाले, माय. चारही दिवस तेल लागले आहे. मी एवढेच म्हणालो की थोडे कमी लाव. सत्यावर मी कितीदा प्रवचने केली, त्या सभांत सून पहिल्या रांगेत बसलेली असे. आज सकाळी पोर उठली तेव्हा तिची उजवी पापणी सुजून मिटली होती. झोपेत तिने डोके खाजवून तोच हात डोळ्याला लावला असावा. ''नाना, मन्हं आज एकच डोळानं दिखस,'' असे ती जणू खेळ असल्यासारखी सांगत आली. सून माझ्याकडे पाहत राहिली. मी पूजेला बसलो.

आता सुनेने बाटली उन्हात ठेवली आहे, तेल कोमट व्हावे म्हणून. पोर पाटावर बसून आहे. तिच्या हातात आरसा आहे आणि ती तो बऱ्याच वेळापासून खाली ठेवत नाही. ''नाना, आज किती लावू?'' सून स्वयंपाकघरातून विचारते आहे. दुसऱ्यांदा विचारते आहे.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही. याचा खरा धनी शहाद्याचा डॉक्टर आहे. या तेलात काय आहे ते त्याला कळायला हवे, आणि त्याआधी सुनेला. तिच्यापर्यंत दहा पावले आहेत. हे वाक्य संपले की उठतो, असे मी मागच्या पानावरही मनाशी म्हटले होते.

जो कोणी हे वाचील, त्याच्या घरी आरोग्य नांदो. त्याच्या लेकरांचे डोळे निर्मळ राहोत. आणि चूक कळल्यावर ती कबूल करण्याचे बळ भगवंत त्याला वेळ असतानाच देवो.