गाईचं दूध आणि सुनेचं दूध

३ मार्च
…चूल पेटवून झाली होती, राख बाहेर टाकली होती, धार काढून गाईच्या पाठीला पूड चोळत होते. गेल्या ऑगस्टातली ती सकाळ. कुंपणावरून शेजारीण ओरडली, तुझ्या सलामतला मुलगी झाली. हात झटकून तशीच धावले.
ती अयसुलू आता सात महिन्यांची. अजून बसत नाही. उशांच्या मध्ये ठेवली की पिठाच्या पोत्यासारखी कलते. माझा मुलगा सलामत कझाकस्तानात बांधकामावर. घरात मी, सून सरबिनाज, बाळ आणि गाय. त्यातलं शहाणं कोण, ते लिहायला नको.

५ मार्च
मासिकात लेख वाचला. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचन मी स्वतः शिकले, माझा नवरा कलबाय कामाला होता त्या गोदामातल्या फवारणीच्या औषधांच्या पोत्यांवरून. लेखात लिहिलंय, कापसावर फवारलेलं विष आईच्या दुधात उतरतं आणि बाळ मागे पडतं. अर्धा लेख वाचून मिटला. गुन्हेगार सापडल्यावर पुढे कशाला वाचायचं? सरबिनाजचं माहेर कापसाच्या मधोमध. लहानपणापासून वेचणीला जायची, वर अभिमानाने सांगते.
ठराव: उद्यापासून बाळाला आपल्या गाईचं दूध.

६ मार्च
सांगितलं. सरबिनाजची मान खाली, आवाज गोड. म्हणाली, अपा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या अंगावरचंच पाजा. विचारलं, तिला मुलं किती? म्हणाली, तीन. म्हटलं, तीनच ना.
सकाळी रीतीप्रमाणे सलामाला वाकली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. काही महत्त्वाचं बघत होते असं नाही.

१४ मार्च
भांडण नको म्हणून न सांगता सुरू केलंय. ती पंपावर पाण्याला गेली की अयसुलूला वाटीतून दूध. दाट, वर साय. पोरगी मिटक्या मारते. पुढच्या महिन्यात बसेल. बसली की मग सांगेन.

२ एप्रिल
गोचिड्या सुरू झाल्या. कलबायचा डबा काढला. ही पांढरी पूड, इथे सगळे दुस्त म्हणतात, तो गोदामातून आणायचा. झाकणावर त्याने खिळ्याने आपलं नाव कोरलंय. हीच पूड आम्ही पोरांच्या केसांना लावली, गोधड्यांत घातली. तो जन्मभर उघड्या हातांनी हाताळायचा, त्याला काही झालं नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, पण ते काळजीने. झाकण उघडलं की त्याच्या सदऱ्याचा वास येतो. म्हणून जपून वापरते.
गाय स्वच्छ. पाठीपासून आचळांपर्यंत.

१९ एप्रिल
अयसुलू बसली नाही. मी जास्त साय घालते आहे.

२० एप्रिल
पकडली गेले. पाण्याला निघालेली बया घागर विसरली म्हणून परत आली. पोरीच्या ओठांवर साय. म्हणाली, चोरून? म्हटलं, माझ्या घरात मी चोर कशी? म्हणाली, तुमची गाय रस्त्यावरचं वर्तमानपत्रसुद्धा खाते, अपा. म्हटलं, वाचून खाते, तुझ्यासारखी नाही. मग मान वर करून म्हणाली, नुकुस शहरात लॅबमध्ये दूध तपासतात. दोन्ही घेऊन जाऊ, माझंही आणि तिचंही.
पहिल्यांदाच शहाणं बोलली. ठराव: रिपोर्ट आला की सलामतला फोन. काय बोलायचं ते पाठ केलंय.

२४ एप्रिल
दोन बाटल्या लॅबमध्ये दिल्या. माझी बाटली भरलेली, घट्ट बुचाची. तिची अर्धीच. 

११ मे
उद्या निकाल. डोक्याला बांधायचा नवा रुमाल इस्त्री केला. डॉक्टरणीसमोर फार बोलायचं नाही, नुसतं सुनेकडे बघायचं.

१२ मे
डॉक्टरीण म्हणाली, आईच्या दुधात थोडं आहे, इथे सगळ्यांच्याच असतं, पाजणं थांबवू नका. मग दुसरी बाटली. हे कुठल्या गाईचं? मी म्हटलं, चांगल्या घरच्या. म्हणाली, कितीतरी पट जास्त आहे, बाळाला थेंबसुद्धा नको. गाईच्या अंगाला काय लावता?
मी म्हटलं, काही नाही.
सरबिनाज शेजारीच उभी होती. डबा कुठल्या फळीवर आहे ते तिला माहीत आहे. माझ्याकडे बघितलं आणि रिपोर्टाची घडी घातली. मी विचारलं, पोरगी बसेल का? डॉक्टरीण म्हणाली, आज सांगता येत नाही, दर महिन्याला दाखवायला आणा.
बसमध्ये सरबिनाज एवढंच म्हणाली, अपा, त्या डब्याचं झाकण सैल आहे. पोरगी रांगायला लागायच्या आत काय ते करा.
म्हणजे रांगेल असं ती धरून चालली आहे.
घरी येऊन लेखाचा उरलेला अर्धा वाचला. त्यात गाई होत्या.

१३ मे
सकाळी धार काढली आणि सगळं दूध खड्ड्यात ओतलं. मांजरालाही दिलं नाही. डबा झाकणासकट पिशवीत बांधून डॉक्टरणीकडे नेऊन दिला. काय लावत होते ते सांगितलं. परत येऊन बिनदुधाचा चहा केला आणि पहिली वाटी सरबिनाजला दिली.