माईचा हेल

साहेबरावदादा, जयभीम.

काल सांजच्याला रेडिओवर तुझं नाव घेतलं. मुंबईच्या चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनवर तू बसवलेली नवी धून लागली. निवेदक म्हणला, ही धून संगीतकाराला माळावरच्या वाऱ्यात सापडली.

वारा न्हाई, दादा. बाबा गेले तवा माई हेल काढून रडली, तोच हा हेल. वर चढतो, मधीच दम तुटतो, मंग मेलेल्याचं नाव घेत खाली येतो. तू बराबर उचललास. फक्त बाबांचं नाव गाळलंस.

केदारखेड्यात हेल ऐकला की बाया तव्यावरची भाकर सोडून पळत येतात. काल रेडिओवरचा ऐकून तशाच आल्या. दारातून विचारलं, "केशरबाई, कोण गेलं वं?"

माई रेडिओकडं बघत बसल्ती. बाबांच्या मातीनंतर तू गावाकडं फिरकला न्हाईस.

"माझा साहेबराव गेला," ती म्हणली, आणि तिनंच हेल धरला. मी रेडिओ बंद केला, तरी धून तिथूनच पुढं चालू राह्यली.

हे पत्र लिहिलंय, पण टाकायची हिंमत न्हाई. उत्तर आलं न्हाई तर माई खरी ठरंल.

तुझी बहीण,
सत्यशीला